घराण्यातली पोटदुखी : स्वादुपिंडाचा आनुवंशिक दाह, त्याची ओळख आणि शस्त्रक्रिया

पेण किंवा रोहा तालुक्यातील एखाद्या शाळकरी मुलाचे पोट दुखू लागले, की पहिला संशय जंतांवर जातो, दुसरा पित्तावर आणि तिसरा शाळा बुडविण्याच्या इच्छेवर. बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एखादा संशय खराही ठरतो. परंतु थोड्या मुलांच्या बाबतीत तेच दुखणे काही महिन्यांनी परत येते. बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत शिरते, उलट्यांनी मूल थकून जाते, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसल्यावरच त्याला थोडा आराम वाटतो. दोन-चार दिवसांत सारे शांत होते आणि मूल पुन्हा खेळू लागते. हा शांततेचा काळच फसवा असतो. अशी वर्षे निघून जातात आणि विशी-पंचविशीत, अंगावर मांस नसलेल्या त्या तरुणाला मधुमेह झाल्याचे अचानक लक्षात येते. तोपर्यंत जठराच्या मागे दडलेले त्याचे स्वादुपिंड खड्यांनी भरून गेलेले असते.

या विकाराला स्वादुपिंडाचा जुनाट दाह म्हणतात. त्याची अनेक कारणे आहेत आणि त्यांपैकी एक कारण रक्ताच्या नात्यातून येते. हे कारण वेळीच लक्षात आले, तर शस्त्रक्रियेचा निर्णय योग्य वयात घेता येतो आणि घरातील पुढच्या मुलाची वर्षे वाया जात नाहीत.

ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते तेव्हा

स्वादुपिंड ही सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीची, शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर वजनाची ग्रंथी आहे. तिचा बहुतांश भाग पाचकरस तयार करतो. दिवसाकाठी एक ते दीड लिटर रस एका मुख्य नलिकेतून लहान आतड्यात येतो. उरलेल्या एक-दोन टक्के भागात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींची बेटे विखुरलेली असतात. पाचकरसातील ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते. ते ग्रंथीत असतानाच जागे झाले, तर ग्रंथीलाच पचवू लागेल. म्हणून शरीराने ते निद्रिस्त अवस्थेत तयार करण्याची व्यवस्था केली आहे. चुकून जागे झालेच, तर दोन बंदोबस्त आहेत : ट्रिप्सिनच्या रेणूवर एक ठरावीक जागा आहे, तेथे दुसरे ट्रिप्सिन त्याला तोडून निकामी करते, आणि जवळच एक प्रतिबंधक प्रथिन पहाऱ्यावर असते, ते ट्रिप्सिनला जखडून ठेवते. आनुवंशिक दाहात यांपैकी एक बंदोबस्त जन्मतःच ढिला असतो.

हा आजार घराण्यात चालतो, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग या डॉक्टरांनी १९५२ मध्ये एका कुटुंबाच्या अभ्यासातून प्रथम मांडले. त्यानंतर कारण सापडायला चव्वेचाळीस वर्षे लागली. पिट्सबर्ग येथील डेव्हिड व्हिटकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सातव्या गुणसूत्रावरील पीआरएसएस-१ या जनुकातील दोष दाखवून दिला. ट्रिप्सिनला तोडण्याची जी जागा वर सांगितली, नेमकी तीच या दोषामुळे बदलते. विकर जागे होते, पण बंद होत नाही. आई-वडिलांपैकी एकाकडून दोष आला तरी तो पुरेसा असतो. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि तो उतरलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांना कधी ना कधी आजार होतो. पहिला झटका बहुधा दहा वर्षांच्या आसपास येतो.

आपल्याकडचे वेगळेपण

पाठ्यपुस्तकातले हे चित्र युरोप-अमेरिकेतील घराण्यांचे आहे. भारतात ते तसेच्या तसे लागू पडत नाही आणि घोळ येथेच होतो.

आपल्याकडे मुलांत व तरुणांत आढळणाऱ्या, खडे पडणाऱ्या स्वादुपिंडदाहाला दीर्घकाळ 'उष्णकटिबंधीय' असे नाव होते. इंडोनेशियात झुइडेमा यांनी १९५९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी शेकडो रुग्ण अभ्यासून त्याला वैद्यकात स्थान मिळवून दिले. बालपणी वेदना, वयात येताना मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू, असा त्या काळी या आजाराचा क्रम होता. कुपोषण आणि टॅपिओका, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, यांच्याकडे बोट दाखविले गेले. पण टॅपिओका न खाणाऱ्या प्रांतांतही रुग्ण सापडू लागले आणि पोटभर जेवणाऱ्या घरांतही. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मधुमेही रुग्णांचा सात वर्षे पाठपुरावा करून १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रुग्णांना इन्सुलिनची गरज पडते, तरीही रक्तात आम्लता वाढून बेशुद्धीकडे नेणारी अवस्था त्यांच्यात सहसा येत नाही, हे या मधुमेहाचे वैशिष्ट्य पुण्याच्या अभ्यासगटाने तपासले होते. म्हणजे मराठी मुलखाला हा आजार नवा नाही. त्याची नोंद येथे तीन दशकांहून अधिक काळ आहे.

जनुकांचा उलगडा २००० नंतर झाला. हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील गिरिराज चांडक यांच्या गटाने २००२ मध्ये दाखविले, की भारतीय रुग्णांत पीआरएसएस-१ मधील दोष जवळजवळ आढळतच नाही. आढळतो तो स्पिंक-१ या जनुकातील, म्हणजे पहाऱ्यावरच्या प्रतिबंधक प्रथिनातील दोष. त्याच वर्षी लखनौ येथील संशोधकांनीही हेच नोंदविले. पुढील भारतीय अभ्यासांत कारण न सापडलेल्या जुनाट दाहाच्या एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांत हा दोष मिळाला. सीएफटीआर आणि सीटीआरसी या जनुकांतील दोषांचीही त्यात भर पडते.

या फरकाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. स्पिंक-१ चा एक दोष शंभरात एक-दोन निरोगी माणसांतही असतो आणि त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. आजार होण्यासाठी दोन्हीकडून दोष यावा लागतो, किंवा दुसऱ्या एखाद्या जनुकाची, मद्याची, धूम्रपानाची साथ लागते. त्यामुळे आजोबा, वडील, मुलगा अशी सरळ माळ दिसत नाही. आई-वडील दोघेही ठणठणीत असतात, दोन भावंडांपैकी एकच आजारी असते, किंवा आजार थेट मामेभावात डोकावतो. 'आमच्या घरात हे कुणालाच नाही' हे उत्तर ऐकून डॉक्टर आनुवंशिकतेचा विचार सोडून देतात, ते भारतीय रुग्णाच्या बाबतीत चुकते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे. अशा घरात एकच दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. म्हणून प्रश्न विचारायचे ते आजोळपर्यंत जाऊन.

पेण-रोह्यात काय तपासता येते

निदानाची सुरुवात महागड्या यंत्रापासून होत नाही. ती कागदावर काढलेल्या तीन पिढ्यांच्या वंशावळीपासून होते. कोणाला लहानपणापासून पोटदुखी होती, कोणाला सडपातळ असूनही तिशीच्या आत मधुमेह झाला, कोण 'पोटाच्या आजाराने' लवकर गेले, कोणाला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, कोणत्या जोडप्याचे आधीपासून नाते होते, याची उत्तरे घरातील आजी किंवा आत्या दहा मिनिटांत देऊ शकते. या दहा मिनिटांना दवाखान्यात जागा मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

झटका चालू असताना रक्तातील अमायलेज किंवा लायपेज कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक वाढलेले आढळते. मात्र रक्त त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी घेतले पाहिजे. आठवड्याने केलेली तपासणी निर्दोष येऊ शकते आणि तीच पुढे वर्षभर दिशाभूल करते. आजार जुना झाल्यावर तर झटक्यातही ही पातळी वाढेलच असे नाही. या टप्प्यावर पोटाचा साधा क्ष-किरण फोटो कधीकधी सगळे सांगून जातो. कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले पांढरे खडे त्यात स्पष्ट दिसतात. सोनोग्राफीत खडे आणि फुगलेली नलिका दिसते. पण पोटात वायू असला तर स्वादुपिंड झाकले जाते आणि अहवालात 'नीट दिसले नाही' असे वाक्य येते. त्या वाक्याचा अर्थ 'काही नाही' असा लावू नये. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. वंशावळ, रक्त, साखर, क्ष-किरण आणि सोनोग्राफी एवढ्यावर संशय पक्का करण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

विष्ठेची चौकशी संकोचामुळे टाळली जाते. तेलकट, दुर्गंधीयुक्त, पाण्यावर तरंगणारी आणि भांड्याला चिकटून राहणारी विष्ठा म्हणजे चरबी पचत नसल्याची खूण होय. मूल भरपूर खाऊनही वाळत असेल, तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. विष्ठेतील इलॅस्टेज मोजून त्याची खात्री करता येते.

पुढच्या पायरीला सीटी स्कॅन, नलिकेचे चित्र देणारी एमआरसीपी आणि गरजेनुसार दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी लागते. पित्ताशयातील खडे, रक्तातील वाढलेले कॅल्शियम, अतिरिक्त ट्रायग्लिसराइड आणि मद्य ही कारणे वगळल्यावर जनुकीय तपासणीकडे वळतात. ती रक्ताच्या नमुन्यावर होते आणि नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठविता येतो.

मद्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. स्वादुपिंडाचा दाह म्हणजे दारू, असे समीकरण समाजात आणि काही वेळा दवाखान्यातही पक्के बसले आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा तरुण या दुखण्याने आला, तर पहिला प्रश्न त्याच्या पिण्याचा असतो आणि पुष्कळदा शेवटचाही. तो पीत नसेल तर अपमानित होऊन परत येत नाही. थोडे पीत असेल तर जनुकाचा विचार होत नाही, वास्तविक मद्य आणि जनुकदोष एकत्र नांदतात. घरची मंडळी बदनामीच्या भीतीने आजाराचे नावच लपवितात. त्यामुळे भावाला काय झाले होते, हे बहिणीच्या मुलाच्या डॉक्टरांना कळत नाही.

औषधे आणि दुर्बीण

प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागत नाही. वेदनाशामके, जेवणाबरोबर घ्यायच्या विकरांच्या कॅप्सूल, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे, मद्य व तंबाखू पूर्ण बंद, यांवर अनेकांचे बरे चालते. विकरांच्या कॅप्सूल घास घेता घेताच घ्याव्या लागतात. उपाशीपोटी किंवा जेवणानंतर तासाने घेतल्यास त्यांचा उपयोग होत नाही. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे, नंतर कळल्यावर औषध गुपचूप बंद होते. तेलातुपाच्या धास्तीने मुलाला केवळ पेजेवर ठेवणेही योग्य नव्हे. वाढत्या वयात कॅप्सूलच्या आधाराने पुरेसा आहार देणे हेच उद्दिष्ट असते.

नलिकेत अडकलेले मोजके खडे शरीराबाहेरून ध्वनिलहरींनी फोडता येतात आणि दुर्बिणीतून काढता येतात. अरुंद जागी स्टेंट बसविता येतो. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या संस्थेने अशा उपचारांचा एक हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया टळते म्हणून रुग्णांचा ओढा साहजिकच या मार्गाकडे असतो. पण स्टेंट काही महिन्यांनी बदलावा लागतो. रोह्याहून दर वेळी रजा काढून, गाडीभाडे खर्चून मोठ्या शहरात जायचे आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर कंटाळून थांबायचे, असे झाले तर आत विसरलेला स्टेंट हाच नवा आजार होतो.

शस्त्रक्रिया : केव्हा आणि कोणती

पूर्वीचा दंडक असा होता, की सर्व उपाय थकल्यावर रुग्ण शल्यचिकित्सकाकडे पाठवायचा. हा दंडक आता टिकलेला नाही. ॲमस्टरडॅममधील ३९ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांना वेदनेपासून पूर्ण किंवा अंशतः आराम होता, दुर्बिणीचे उपचार झालेल्यांपैकी ३२ टक्क्यांना. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समध्येच ८८ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीने २०२० मध्ये दाखविले, की लवकर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाच्या काळात वेदना कमी राहते. वेदना फार वर्षे सोसली की मज्जातंतू आणि मेंदू तिला सरावतात. मग ग्रंथी मोकळी केली तरी दुखणे उरते, आणि अफूजन्य औषधांची सवय लागली असेल तर काम आणखी कठीण होते. हे अभ्यास प्रौढांवरचे आहेत. मुलांच्या बाबतीत वाढ, शिक्षण आणि मधुमेहाचा धोका यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

कोणती शस्त्रक्रिया करावी, हे नलिकेच्या रुंदीवर आणि ग्रंथीचे शीर्ष किती सुजले आहे यावर ठरते. नलिका फुगलेली असेल तर ती लांबीच्या दिशेने उघडतात, खडे काढतात आणि लहान आतड्याची एक वळी तिला कडेने जोडतात, म्हणजे रस थेट आतड्यात वाहू लागतो. प्युस्टो यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत ग्रंथीचे शेपूट आणि प्लीहा काढावी लागे. पार्टिंग्टन आणि रोशेल यांनी १९६० मध्ये दोन्ही राखून ती सुटसुटीत केली. ग्रंथीचा एकही महत्त्वाचा भाग जात नाही, म्हणून तरुण रुग्णांत तिला प्राधान्य मिळते. शीर्ष सुजून कडक झाले असेल, तर केवळ नलिका उघडून भागत नाही. अशा वेळी फ्राय यांची १९८७ ची पद्धत वापरतात : शीर्षाचा आतील भाग पोखरून काढायचा आणि नलिकाही उघडायची. जर्मनीतील बेगर यांनी १९७२ पासून चालविलेल्या पद्धतीत आद्यांत्र राखून शीर्षाचा मोठा भाग काढतात. कर्करोगाची शंका असेल तेव्हा शीर्षाबरोबर आद्यांत्र आणि पित्तनलिकेचा भागही काढणारी, व्हिपल यांच्या नावाची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

नलिका मोकळी करणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर साधारण दहांपैकी सात-आठ रुग्णांची वेदना बरीच कमी होते. परंतु आनुवंशिक रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. दोष पेशीपेशीत आहे. उरलेल्या ग्रंथीत तो तसाच राहतो. शस्त्रक्रिया वेदना हलकी करते, शाळा आणि रोजगार परत मिळवून देते. मूळ आजार मिटवीत नाही. म्हणूनच 'थोडा भाग काढून टाका' हा सोपा वाटणारा मार्ग येथे महागात पडतो. प्रत्येक वेळी काढलेल्या तुकड्याबरोबर इन्सुलिनची बेटेही जातात.

संपूर्ण स्वादुपिंड काढून त्यातील बेटे वेगळी करायची आणि ती यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत सोडायची, म्हणजे ती यकृतात रुजून इन्सुलिन देत राहतात, हा उपाय अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९७७ मध्ये प्रथम झाला. असह्य वेदना असलेल्या आनुवंशिक रुग्णांसाठी, निवडक मुलांसाठीही, तेथे तो केला जातो. त्यासाठी पेशी वेगळ्या करणारी विशेष प्रयोगशाळा लागते; भारतात हा नित्याचा उपचार झालेला नाही. आधी नलिका उघडण्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास मिळणाऱ्या बेटांची संख्या घटते, एवढे मात्र पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच ध्यानात घ्यावे लागते.

पेण-रोह्याच्या रुग्णाला या शस्त्रक्रियांसाठी मुंबईच गाठावी लागते. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, भायखळ्याचे जे. जे. ही सार्वजनिक रुग्णालये दिव्याच्या गाडीने किंवा महामार्गाने काही तासांच्या अंतरावर आहेत. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया जेथे वारंवार होते, तेथेच ती करून घ्यावी. जवळच्या सोयीपेक्षा हा निकष महत्त्वाचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वी समजून घेता येते. तारीख ठरविताना घरच्या व्यवहाराचाही विचार होतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हात चालविणारा कारागीर गणेशोत्सवाआधीचे महिने दुखणे अंगावर काढतो. वेदना स्थिर असेल आणि वजन टिकून असेल तर काही आठवडे थांबण्याने बिघडत नाही. कावीळ, ताप, सतत उलट्या किंवा झपाट्याने घटणारे वजन यांपैकी काही असेल तर थांबू नये.

त्यानंतरची वर्षे

युरोपातील १४ देशांच्या ११२ घराण्यांवरील २००४ च्या अभ्यासात, पन्नाशीपर्यंत सुमारे ४८ टक्के रुग्णांना मधुमेह आणि ३७ टक्क्यांना पचनरसाची कमतरता झाल्याचे आढळले. शस्त्रक्रिया झाली म्हणून वर्षातून एकदा साखर, वजन, जीवनसत्त्वे आणि हाडांची तपासणी चुकवून चालत नाही. या मधुमेहात साखर वाढविणारे ग्लुकागॉन हे संप्रेरकही कमी पडते. त्यामुळे इन्सुलिनचा डोस थोडा जास्त झाला तरी साखर धोकादायकरीत्या घसरते. घरातील प्रत्येकाला घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे आणि तोंडात साखर घालण्याचा उपाय ठाऊक असावा. प्लीहा काढलेल्या रुग्णाला न्यूमोनियाविरोधी लस आवश्यक असते.

कर्करोगाचा प्रश्न सर्वांत भीतीचा. पीआरएसएस-१ घराण्यांत सत्तरीपर्यंत स्वादुपिंडाचा कर्करोग होण्याची शक्यता १९९७ च्या पहिल्या मोठ्या अभ्यासात ४० टक्के, २००४ च्या युरोपीय अभ्यासात सुमारे १९ टक्के आणि २०१८ च्या अमेरिकी अभ्यासात ७ टक्के निघाली. आकडा खाली आला आहे, तरी सर्वसामान्य माणसापेक्षा तो कितीतरी मोठा आहे. धूम्रपान करणाऱ्यांत धोका दुप्पट होतो आणि कर्करोग सुमारे वीस वर्षे आधी गाठतो. विडी सोडणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय असून तो शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत लांबणीवर टाकण्यासारखा नाही. या घराण्यांतील रुग्णांवर वयाच्या चाळिशीपासून, किंवा पहिल्या झटक्यानंतर वीस वर्षांनी, एमआरआय किंवा दुर्बिणीच्या सोनोग्राफीने नजर ठेवावी असे तज्ज्ञ सुचवितात. खड्यांनी भरलेल्या ग्रंथीत लहान गाठ ओळखणे अवघड असते, हेही ते सांगतात.

राहिला भावंडांचा प्रश्न. निरोगी मुलाची केवळ कुतूहलापोटी जनुकीय तपासणी करू नये, असाच बहुतेक तज्ज्ञांचा कौल आहे. स्पिंक-१ चा एक दोष सापडल्याने मूल आजारी ठरत नाही, पण विवाह जुळविताना त्याचा बभ्रा मात्र होऊ शकतो. भावंडाचे पोट दुखू लागले तर मात्र त्याच दिवशी लायपेज तपासावे. त्यासाठी आजारी मुलाचे नेमके निदान, सापडलेला जनुकदोष आणि झालेली शस्त्रक्रिया यांची नोंद असलेला कागद घरात हाताशी असावा, आणि त्याची एक प्रत मामाच्या, मावशीच्या व चुलत्यांच्या घरीही.